संगणकाची तपासणी मध्येच अडते तेव्हा

प्राथमिक शाळेच्या दप्तराचा मोठा भाग गेल्या काही वर्षांत कागदावरून संगणकाकडे गेला आहे. विद्यार्थ्यांची पटनोंदणी, यू-डायस प्लसची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त ही कामे आता कळफलकावर होतात. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शाळा लहान पटाच्या व दोन शिक्षकांच्या आहेत. दिवसभर अध्यापन करून उरलेले लेखनकाम शिक्षक घरी नेतात आणि घरच्या संगणकावर पूर्ण करतात. त्यामुळे घरचा संगणक आता केवळ घरचा राहिलेला नाही. शाळेच्या कपाटाचा एक कप्पाच त्यात आलेला आहे, आणि त्या कप्प्यात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतात.

अशा संगणकाच्या रक्षणासाठी बहुतेकांनी विषाणुरोधक प्रणाली, म्हणजे नित्याच्या बोलण्यात ज्याला आपण अँटिव्हायरस म्हणतो ती, बसवून घेतलेली असते. तिच्याकडून अधूनमधून संपूर्ण तपासणी करून घ्यावी, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु केंद्रातील सभांमधून एक तक्रार वारंवार कानी येते. तपासणी सुरू होते, अर्ध्यावर येते आणि तेथेच अडून बसते. संगणक हँग होतो. मग शिक्षक तो नाद सोडून देतात. काही जण तर कंटाळून ती प्रणालीच काढून टाकतात. या अडचणीचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे सांगणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

मूल वाचता वाचता एखाद्या शब्दापाशी अडले, तर अनुभवी शिक्षक रागावत नाही आणि पुस्तकही मिटवून ठेवत नाही. मूल नेमके कोठे अडले, दर वेळी तेथेच अडते काय, जोडाक्षर जड गेले की फळ्यावरचे अक्षरच त्याला दिसत नाही, हे तो प्रथम पाहतो. अडणे हे त्याच्या दृष्टीने एक लक्षण असते. संगणकाची तपासणी अडते तेव्हाही हीच दृष्टी ठेवावयास हवी. आधी पाहावे, मग नोंद करावी, मग माहितीची प्रत काढून ठेवावी, आणि त्यानंतरच एकेक उपाय करून पाहावा. पुढील सर्व विवेचन या चार पायऱ्यांचाच विस्तार आहे.

१. तपासणीचे स्वरूप

संगणकातील विषाणू सजीव नसतो. तो कोणीतरी लिहिलेली एक आज्ञावली असतो. मात्र तिचा उद्देश घातक असतो. १९८६ साली लाहोर येथील दोन बंधूंनी लिहिलेली 'ब्रेन' ही आज्ञावली फ्लॉपीमधून देशोदेशी पसरली, आणि वैयक्तिक संगणकांवरील आरंभीच्या विषाणूंत तिची गणना होते. आपल्या महाराष्ट्रालाही या विषयाचा इतिहास आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात गणकयंत्रे व पुढे संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव पुनःपुन्हा आढळू लागला, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी तो काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकात 'क्विक हील' ही प्रणाली तयार झाली. दुरुस्तीच्या टेबलावर केलेल्या निरीक्षणातून एक मोठा उद्योग उभा राहिला, ही गोष्ट आपल्या विषयाशीही सुसंगत आहे.

विषाणुरोधक प्रणाली दोन प्रकारे काम करते. पहिला प्रकार पहाऱ्याचा. आपण एखादी फाइल उघडतो किंवा पेन ड्राइव्ह लावतो, त्या क्षणी ती फाइल पाहिली जाते. दुसरा प्रकार झडतीचा. यात संगणकातील प्रत्येक फाइल क्रमाने उघडून पाहिली जाते आणि ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडली जाते. शिवाय फाइलीचे वर्तन संशयास्पद वाटते काय, हेही पाहिले जाते. या खुणांची यादी प्रणाली तयार करणाऱ्यांकडून इंटरनेटवरून वरचेवर येत असते. ती अनेक दिवस आली नाही, तर झडती जुन्या यादीवरूनच होते.

झडतीचे काम किती मोठे असते याची कल्पना असावी. साध्या घरगुती संगणकातही फाइलींची संख्या लाखांत जाते. त्यांतील काही फाइली गाठोड्यासारख्या असतात. एका 'झिप' फाइलीत शेकडो छायाचित्रे बांधलेली असू शकतात. प्रणालीला ते गाठोडे सोडावे लागते, आतील प्रत्येक वस्तू पाहावी लागते आणि गाठोड्यात दुसरे गाठोडे निघाले तर तेही सोडावे लागते. या कामासाठी तिला संगणकाची स्मरणशक्ती व डिस्कवरील मोकळी जागा, दोन्ही लागतात.

२. मंदावली की थांबली?

तपासणी अडली असे वाटताच पहिला प्रश्न हा विचारावा की, ती खरोखर थांबली आहे, की केवळ मंदावली आहे. पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीवर विसंबून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना निम्म्या पत्रिका संपल्या म्हणजे निम्मा वेळ संपला असे होत नाही. शेवटच्या दहा पत्रिका मोठ्या निघाल्या तर त्यांनाच अधिक वेळ लागतो. टक्केवारीचा आकडाही असाच अंदाजाने काढलेला असतो. तो तासभर एकाच जागी राहिला, तरी आत काम चालू असू शकते.

खरी परीक्षा पुढीलप्रमाणे करावी.

पहिली गोष्ट, तपासलेल्या फाइलींची संख्या पाहावी. ती दहा मिनिटांत एकानेही वाढली नाही तर कागदावर वेळ व संख्या टिपावी आणि पुन्हा अर्ध्या तासाने पाहावी.

दुसरी गोष्ट, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात डिस्क व प्रोसेसर यांच्या वापराचे आकडे दिसतात. तपासणीच्या नावापुढील आकडे हलत असतील तर काम चालू आहे असे समजावे. सर्वच आकडे शून्याजवळ स्थिर असतील तर ती खरोखरच थांबली आहे. डिस्कचा वापर शंभर टक्के दिसतो, परंतु वाचनाचा वेग अगदी नगण्य आहे, असे असेल तर डिस्क आजारी असल्याचा संशय घ्यावा. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

तिसरी गोष्ट, कोणत्या फाइलीपाशी काम अडले ते पाहावे. काही प्रणाली फाइलीचे नाव पडद्यावर दाखवितात. जेथे ते दिसत नाही तेथे विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर उघडून त्यातील डिस्क हा भाग पाहावा. त्या वेळी वाचल्या जात असलेल्या फाइलींची नावे तेथे मिळतात. ते नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे.

चौथी गोष्ट, संगणक मध्येच झोपी तर गेला नाही ना, हे पाहावे. काही काळ कळ दाबली नाही की संगणक निद्रावस्थेत जातो, आणि लॅपटॉपचे झाकण लावले की बहुधा लगेच जातो. शिक्षक रात्री तपासणी लावून निजतात आणि सकाळी ती होती तेथेच दिसते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. लांब तपासणीपूर्वी पॉवर सेटिंग्जमध्ये जाऊन निद्रेची वेळ तात्पुरती बंद करावी.

पूर्ण तपासणीला जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर कित्येक तास लागणे हे नित्याचे आहे. म्हणून वर सांगितलेली परीक्षा केल्याखेरीज संगणक बंद करू नये.

३. अडण्याची कारणे

तपासणी खरोखरच थांबते असे ठरले, म्हणजे कारणाकडे वळावे. नेहमी आढळणारी कारणे सात आहेत.

एक, मोठे गाठोडे. स्नेहसंमेलनाची सर्व छायाचित्रे व चित्रफिती एकाच झिप फाइलीत घालून ठेवलेल्या असतील, किंवा अर्धवट उतरवून घेतलेली एखादी बिघडलेली फाइल असेल, तर प्रणाली तेथे अडकते. नको असलेली फाइल काढून टाकावी. हवी असलेली फाइल सोडवून साध्या फोल्डरमध्ये ठेवावी.

दोन, जागेचा अभाव. सी ड्राइव्ह भरत आलेला असेल तर गाठोडी सोडण्यास जागा राहत नाही. विंडोजमधील डिस्क क्लीनअप या साधनाने तात्पुरत्या फाइली काढाव्यात. मात्र डाउनलोड्स फोल्डर त्या यादीत असेल तर तो निवडण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे. शाळेची कागदपत्रे अनेकदा तेथेच पडून असतात.

तीन, दोन पहारेकरी. एका संगणकावर दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या विषाणुरोधक प्रणाली असू नयेत. एकीने फाइल तपासण्यास घेतली की दुसरी तीच फाइल अडविते, आणि दोघी एकमेकींची वाट पाहत बसतात. नवीन संगणकाबरोबर महिना-दोन महिन्यांसाठी आलेली प्रणाली मुदत संपल्यावरही आत राहून जाते आणि तिच्यावरच दुसरी बसविली जाते, असे वारंवार दिसते. विंडोज १० व ११ यांमध्ये डिफेंडर ही प्रणाली मुळातच असते. दुसरी प्रणाली रीतसर बसविली तर तिचा पहारा आपोआप मागे सरतो. म्हणून तंटा बहुधा बाहेरून बसविलेल्या दोन प्रणालींमध्ये असतो. एक निवडावी व दुसरी पूर्णपणे काढावी. साध्या रीतीने काढल्यावरही तिचे अवशेष उरतात. ते साफ करण्याचे स्वतंत्र साधन बहुतेक कंपन्या आपल्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य देतात.

चार, उष्णता व हवामान. तपासणीच्या वेळी प्रोसेसर सतत राबतो व तापतो. आपल्या किनाऱ्यावरील हवा दमट व खारट आहे. पंख्याच्या पात्यांवर धूळ चिकटून तिचा थर बसतो आणि धातूचे जोड गंजतात. तापलेला संगणक आपला वेग आपणहून कमी करतो आणि अखेरीस बंद पडतो. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरील कापडावर ठेवून तपासणी करू नये. लाकडी फळीवर, खालून हवा खेळेल असा ठेवावा. वीज काढून झरोक्यांवरील धूळ मऊ ब्रशाने झाडावी. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा मधूनमधून चालू करणे हितावह असते.

पाच, वीज. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे आपण अनुभवले आहे. एरव्हीही पावसाच्या दिवसांत वीज कमी-अधिक दाबाने येते व जाते. डिस्कवर काम चालू असताना वीज तुटली तर फाइलींची मांडणी बिघडते, आणि पुढची तपासणी त्या बिघडलेल्या जागी अडते. बॅटरी किंवा यूपीएस यांचा आधार नसेल तर मृगापासून पुढे दीर्घ तपासणी लावू नये.

सहा, घातक आज्ञावलीचा विरोध. काही विषाणू आपल्याला पकडणाऱ्या प्रणालीवरच हल्ला करतात. ते तिची तपासणी थांबवितात, यादी अद्ययावत होऊ देत नाहीत आणि सुरक्षेची पृष्ठे उघडू देत नाहीत. तपासणी सुरू होताच बंद पडत असेल, किंवा पेन ड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी केवळ शॉर्टकट दिसू लागले असतील, तर या कारणाचा संशय घ्यावा.

सात, आजारी डिस्क. हे कारण सर्वांत गंभीर आहे. डिस्कच्या पृष्ठभागावरील एखादी जागा खराब झाली की तेथील मजकूर एका प्रयत्नात वाचता येत नाही. डिस्क मग पुनःपुन्हा तीच जागा वाचू पाहते, आणि तोवर सारा संगणक ताटकळत राहतो. तपासणी दर वेळी त्याच फाइलीपाशी अडणे, फाइली उघडण्यास विलंब लागणे, आतून टिकटिक किंवा खरखर ऐकू येणे, ही याची लक्षणे होत. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या नोंदवहीत डिस्कच्या नावापुढे ७ क्रमांकाची त्रुटी दिसली, तर खराब जागा असल्याचा तो स्पष्ट पुरावा समजावा.

यांखेरीज प्रणालीमध्येच दोष निघण्याचा प्रसंग क्वचित येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीची एक सदोष सुधारणा जगभर पाठविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली. ती प्रणाली मोठ्या संस्थांसाठी असल्याने घरगुती संगणकांना फारशी झळ लागली नाही. तथापि रक्षकही चुकू शकतो, म्हणून माहितीची दुसरी प्रत हवीच, हा बोध सर्वांनी घेण्यासारखा आहे.

४. उपायांचा क्रम

कारणे सात असली तरी उपायांचा क्रम एकच ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. चार उपाय एकदम केले आणि अडचण दूर झाली, तर कशाने दूर झाली हे कळत नाही, आणि ती पुन्हा उद्भवली म्हणजे सर्व काही आरंभापासून करावे लागते.

पहिली पायरी प्रत घेण्याची. दुसरे काहीही करण्यापूर्वी शाळेची व घरची महत्त्वाची कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर किंवा स्वच्छ पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. आजारी डिस्कवर तपासणी पुनःपुन्हा लावणे म्हणजे लंगडणाऱ्या बैलाला शर्यतीत धाववणे होय. डिस्क दुरुस्त करणारे चेक डिस्क हे साधनही प्रत घेतल्याशिवाय चालवू नये, कारण मोडकळीस आलेली डिस्क दुरुस्तीच्या श्रमानेच कायमची बंद पडू शकते. प्रतीच्या बाबतीत जाणकारांचा साधा नियम असा आहे की, माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

दुसरी पायरी साफसफाईची. संगणक रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर व बाहेरची डिस्क काढून ठेवावी. उघडी असलेली इतर कामे बंद करावीत. विंडोज व विषाणुरोधक प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. ही सुधारणा किती मोलाची असते याचे उदाहरण २०१७ सालचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजविणारी सुधारणा मार्च महिन्यातच उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली त्यांची दारे त्याला बंद होती. विंडोज १० ची नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही त्या प्रणालीवर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी लहान तपासणीची. प्रथम क्विक स्कॅन करावा. तो पूर्ण झाला तर विषाणू नेहमी जेथे दडतात त्या जागा पाहिल्या गेल्या असे समजावे आणि मन स्वस्थ ठेवून पुढे जावे.

चौथी पायरी अर्ध्याअर्ध्याने शोधण्याची. ही रीत गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडेल. कस्टम स्कॅन निवडून संपूर्ण डिस्कऐवजी निम्मेच फोल्डर तपासावेत. तपासणी पूर्ण झाली तर दोष उरलेल्या निम्म्यात आहे. त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. अशा रीतीने १६ फोल्डर असतील तर चार फेऱ्यांत, आणि ३२ असतील तर पाच फेऱ्यांत, दोषी फोल्डर हाती लागतो. डोळे झाकून सर्व डिस्क दहा वेळा तपासण्यापेक्षा ही रीत कमी श्रमाची आहे. दोषी जागा सापडली म्हणजे कारणही बहुधा उघड होते.

पाचवी पायरी संगणकाला कमीत कमी साहित्यावर चालविण्याची. विंडोजच्या सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक आज्ञावल्या सुरू होतात. शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्ट केले की तेथे जाण्याचा मार्ग दिसतो. तेथे तपासणी पूर्ण झाली तर अडथळा नेहमी सोबत सुरू होणाऱ्या एखाद्या दुसऱ्या आज्ञावलीचा आहे, असा निष्कर्ष निघतो. काही विषाणुरोधक प्रणाली सेफ मोडमध्ये चालत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

सहावी पायरी बाहेरून तपासण्याची. विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्स येथे डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन असतो. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागी होण्यापूर्वीच तपासणी होते. त्यामुळे विरोध करणारा विषाणू निजलेलाच सापडतो. यास सुमारे पाव तास लागतो. नव्या संगणकांवर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असू शकते. पाचवी व सहावी पायरी चढण्यापूर्वी त्याची किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून पाहून कागदावर लिहून ठेवावी. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विषाणू काढण्याची विनामूल्य साधने मिळतात.

५. एक उदाहरण

मालवण तालुक्याच्या किनारपट्टीवरील एका शाळेतील शिक्षिकेच्या घरच्या संगणकाची हकिगत येथे उपयोगी पडेल. त्यांची पूर्ण तपासणी सतत तीन रात्री अडली. पहिल्या रात्री त्यांनी काहीच केले नाही; केवळ वहीत वेळ, टक्केवारी आणि फाइलीचे नाव लिहिले. दुसऱ्या रात्री टक्केवारी वेगळी होती, परंतु फाइल तीच होती. तिसऱ्या रात्रीही तीच. ती फाइल जुन्या वर्षाच्या निकालपत्रकाची होती आणि आकाराने अगदी लहान होती. म्हणजे मोठ्या गाठोड्याचे कारण आपोआप बाद झाले. विषाणू असता तर प्रणालीने नाव घेतले असते किंवा ती सुरूच झाली नसती, असा तर्क त्यांनी केला आणि चौथ्या दिवशी तपासणी न लावता सर्व शालेय कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. ती एक फाइल सोडून बाकी सर्व उतरली. पुढे कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क पाहून ती निकामी होत चालल्याचे सांगितले. काही आठवड्यांतच ती बंद पडली. निकालपत्रक शाळेत छापील स्वरूपात होतेच. दोन वर्गांच्या मुलांची सर्व माहिती सुरक्षित राहिली आणि नवीन डिस्कवर काम पुन्हा सुरू झाले.

या उदाहरणात कोणतीही तांत्रिक विद्या नाही. तीन ओळींची नोंद, एक तर्क आणि वेळेवर घेतलेली प्रत एवढेच त्यात आहे. नोंद नसती तर टक्केवारी बदलते आहे एवढेच त्यांच्या लक्षात राहिले असते आणि चौथ्या रात्रीही तपासणी लागली असती.

६. टाळावयाच्या गोष्टी

तपासणी अडली म्हणून विषाणुरोधक प्रणाली काढून टाकू नये. ज्या लक्षणाने रोग कळावयाचा तेच पुसून टाकल्यासारखे ते होते. अडणारा फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोय असते. परंतु त्यातील फाइली कोठून आल्या हे माहीत असल्याखेरीज ती वापरू नये.

वीज तोडून संगणक बंद करणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा. आधी तपासणीतील कॅन्सल हे बटण, मग रीतसर शटडाउन, आणि दोन्हींना पुष्कळ वेळ प्रतिसाद मिळाला नाही तरच बंद करण्याची कळ दाबून धरावी.

सर्वांत मोठे भय माणसांकडून आहे. संगणक अडलेला असताना पडद्यावर अचानक मोठ्या अक्षरांत इशारा येतो, भोंगा वाजतो आणि एका क्रमांकावर फोन करण्यास सांगितले जाते. तो क्रमांक कोणत्याही खऱ्या कंपनीचा नसतो; खऱ्या कंपनीचा इशारा फोन क्रमांक देऊन घाबरवीत नाही. इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतानाही असेच भामटे भेटतात. ते संगणक दुरून चालविण्याची आज्ञावली बसविण्यास सांगतात आणि मग बँकेचे खाते रिकामे होते. अशा वेळी इंटरनेट तोडावे व फोन करू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

दुरुस्तीसाठी संगणक दुकानात द्यावा लागला तर शालेय माहितीची प्रत घेऊन मुलांची वैयक्तिक माहिती शक्य तेथे त्यातून काढून ठेवावी. पालकांनी ती शाळेवर विश्वास ठेवून दिलेली आहे. दाखल-खारीज रजिस्टर आपण कोणाच्या हाती सोपवीत नाही. त्याच रजिस्टरची संगणकातील प्रत तितक्याच जबाबदारीने सांभाळावयास हवी.

७. समारोप

संगणकाची सर्व अंगे शिक्षकाला माहीत असावीत अशी अपेक्षा कोणी करीत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. तपासणी कोठे, केव्हा व किती वेळा अडली याची नोंद मात्र तो सहज ठेवू शकतो, कारण मुलांच्या बाबतीत हे काम तो रोज करतो. ती नोंद हाती असली म्हणजे निम्मे निदान झालेले असते. उरलेल्या निम्म्यासाठी जाणकाराकडे गेले तरी आपली पाटी कोरी नसते. प्रत्येक शिक्षकाने घरच्या संगणकाशेजारी एक लहान वही ठेवावी आणि येत्या रविवारी, तपासणी लावण्यापूर्वी, शाळेच्या कागदपत्रांची एक प्रत बाहेर काढून ठेवावी, एवढी विनंती आहे.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. तपासणी मंदावली आहे की थांबली आहे, हे ओळखण्याच्या चार रीती कोणत्या? त्यांपैकी टक्केवारी का धरली नाही?

२. तपासणी दर वेळी निरनिराळ्या ठिकाणी अडत असेल, तर तिसऱ्या विभागातील कोणती कारणे अधिक संभवनीय ठरतात व कोणती बाद होतात?

३. एका संगणकावर ६४ फोल्डर आहेत. अर्ध्याअर्ध्याने शोधण्याच्या रीतीने दोषी फोल्डर सापडण्यास किती फेऱ्या लागतील?

४. आपल्या शाळेची कोणती माहिती आज केवळ एकाच संगणकावर आहे? तिची दुसरी प्रत कोठे ठेवता येईल?

५. केंद्रातील पेन ड्राइव्ह शाळा, घर व छपाईचे दुकान यांमधून फिरतो. तो प्रत्येक ठिकाणी लावताना कोणती काळजी घ्यावी, याचे पाच नियम गटाने मिळून लिहावेत.